रहाटाजवळचा बडबड्या

इराणात तफ्तकडच्या डाळिंबाच्या बागांना पाणी येतं ते जमिनीखालच्या भुयारी पाटातून. तो साफ ठेवणाऱ्यांचा जुना नियम आहे: ज्या दिवशी मन कच खाईल त्या दिवशी पाटावरच्या विहिरीत उतरायचं नाही, "आज दिवस वाईट आहे" एवढंच म्हणायचं, आणि बाकीच्यांनी कारण विचारायचं नाही. त्यांच्यातल्या माशाल्लाचं मन गेली कित्येक वर्षं रोज सकाळी कच खात होतं. नियम तो नियम. कुणी विचारलं नाही.

कारण सगळ्यांना ठाऊकच होतं. तरुणपणी माती कोसळून तो रात्रभर खाली गाडला गेला होता. वर माणसं जिवाच्या आकांताने खणत होती, पण मुकाट्याने. त्याला वाटलं, सगळे जेवायला गेले.

तेव्हापासून तो वर रहाट ओढायचा आणि खाली असेल त्याच्याशी अखंड बोलायचा. डाळिंबांचा भाव, मशिदीतली भांडणं, बायकोचे गुडघे. शेजारच्या गावांतले खोदणारे काम घेण्याआधी विचारत, "रहाटावर माशाल्ला आहे ना?" बायको तूबा म्हणायची, "घरी मात्र तोंडाला कुलूप! माझे गुडघे दुखतात हे मला गावाकडून कळतं."

एका हिवाळ्यात खाली नौरूझअली होता. धप्प आवाज आला.

"नौरूझ?"

"पाय अडकलाय. वरची माती अजून हलतेय."

गावातून कुणाला आणायचं तर दुपार झाली असती. रहाटावरचा दुसरा गडी, सफर, म्हातारा होता. त्याने माशाल्लाकडे मुद्दाम पाहिलं नाही.

"आज दिवस वाईट आहे," माशाल्ला म्हणाला आणि त्याने दोर कमरेला बांधला.

उतरताना तो बोलतच होता. दात वाजत असल्यामुळे अर्धं कळत नव्हतं. दोन्ही हातांनी माती उपसतानाही तोंड चालूच.

"माशाल्ला," नौरूझअली कण्हला, "वरून ऐकताना बरं वाटायचं रे. जवळून ऐकवत नाही."

"मग पाय ओढ आणि चालता हो!"

यानंतर भीती पळाली म्हणावं, तर तसं काही झालं नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस त्याचं मन पूर्वीसारखंच कच खाई. मग तो खुशाल घरी तूबाशी गप्पा मारत बसे. उरलेल्या दिवशी खोदणाऱ्यांचे पांढरे कपडे घालून उतरे. पांढरे अशासाठी, की वेळ आलीच तर कफनाचा वेगळा खर्च नको.

रहाटावर आता लंगडा नौरूझअली असे. तो जन्माचा घुमा. काय बोलावं सुचेना म्हणून आपल्या मेंढ्यांचे स्वभाव एकेक करून सांगत राही.

"मोठ्याने!" खालून हुकूम येई. "आणि त्या काळ्या मेंढीचं पुन्हा सांग."