थिअरीतली काडतुसं

२०२३चा ऑक्टोबर. नवरात्राचे दिवस. सिंगापुरात रोज दुपारी आभाळ गडगडत होतं. आमच्या नेमबाजी क्लबात दर शनिवारी उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांनी बादली भरते. किस्सेही तसेच साठतात. पण पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. किस्से घरी नेता येतात!

मी सातवी शिकलो. सगळी नोकरी काडतुसं भरायच्या कारखान्यात केली. आता इथे सिंगापुरात, सेंगकांगला मुलाकडे राहतो. क्लबात पुण्याची दोन पोरं आहेत, नितीन आणि समीर. पोरं म्हणजे चाळिशीची! घरी काडतुसं भरायचे परदेशी व्हिडिओ बघायचं दोघांना वेड. इथे तर रिकामी पुंगळी घरी नेली तरी गुन्हा.

नितीनने पहिल्याच भेटीत विचारलं, “काका, भरताना काडतुसात गोळी तिरकी बसली तर काय करायचं?”

“तू कुठे बसवतोस?”

“बसवत नाही हो. थिअरी.”

“मग थिअरीत सरळ बसव!”

*

एकदा समीरने चाप ओढला. आवाज नाही. त्याने पिस्तूल समोरच धरून ठेवलं. तेवढं बरोबर केलं. मग दोघांची चर्चा सुरू. दारू ओली असेल, इथली हवा दमट, काडतुसाच्या बुडाची ठिणगीची टोपी खराब असेल. दोघंही पीएच.डी.च्या थाटात.

रेंज ऑफिसरने येऊन पिस्तूल तपासलं. सिंगापुरी ढंगात म्हणाला, “एम्प्टी लाह!”

समीर गोळ्या भरायलाच विसरला होता.

*

एकदा मी नितीनच्या घरी गेलो, तो पोहे करत होता. फोन आला, बोलता बोलता मीठ दोनदा पडलं. त्याची बायको मेघना म्हणाली, “बटाटा घालू का?”

मी म्हटलं, “दोनदा दारू भरलेलं काडतूस दुरुस्त करत नाहीत. टाकून द्यायचं.”

“काका, पोहे आहेत. बॉम्ब नाही!”

खाल्ले. मी पाणी पीत राहिलो.

*

त्या नवरात्राच्या आदल्या वर्षी मी एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, जिन्यावर पडलो. मुलगा परगावी. नितीन ऑफिस सोडून हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसला.

“काय काका, मिसफायर?”

“गप्प बस. उपकार फेडीन.”

“कसे?”

“ते मी बघतो.”

*

त्या नवरात्रातल्या शनिवारी नितीन कुजबुजला, “काका, खंडेनवमीला दरवर्षी लॅपटॉपच पुजतो. यंदा एक पुंगळी ठेवली तर?”

“वर्क पास जाईल. नोकरी जाईल. लॅपटॉपच पूज.”

तो हसला.

संध्याकाळी ऑफिसरने पुंगळ्या मोजल्या. एक कमी. पुन्हा मोजल्या. एक कमीच. त्याने दार लावून घेतलं आणि पोलिसांना कळवायला फोन उचलला. नितीनचा चेहरा पांढरा पडला. हात शर्टाच्या खिशावर.

मी ओरडलो, “नितीन, शर्ट झाड! उडालेली पुंगळी कुठेही जाते. माझ्या तर कॉलरमध्ये गेली होती!”

नितीनने वाकून शर्ट झाडला. खिशातली पुंगळी टणकन फरशीवर पडली.

ऑफिसरने माझ्याकडे पाहिलं. मग नितीनकडे. फोन खाली ठेवला. “हॅपन्स, लाह.” दार उघडलं.

बाहेर आल्यावर नितीन म्हणाला, “काका...”

“फिटलं,” मी म्हटलं.