रोह्याच्या टूरवरून बांधावर

पेणच्या एसटी स्टँडवर मला सोडायला आलेल्या बाबांनी कंडक्टरला न विचारताच सांगून टाकलं, "पोरगी हैदराबादला चाललीय. नकाशे काढायच्या कंपनीत." कंडक्टरने निमूटपणे पनवेलचं तिकीट दिलं. आई खिडकीतून पापडांची पिशवी आत कोंबत म्हणत होती, "उपाशी नको राहू गो." जिते गाव मागे पडेपर्यंत मी रडले नाही. मग मात्र पनवेलपर्यंत रडत गेले.

नकाशात रंग भरायला हिला पगार मिळतो, अशी गावात माझी थट्टा व्हायची. ती अगदीच खोटी नव्हती. एसीत बसून उपग्रहाच्या फोटोंवर मी पाणी निळं आणि भात हिरवं करते. मग ते खरं आहे का, हे बघायला फील्डवर जायचं. कधी ओडिशाचा किनारा, कधी गुजरातची मिठागरं. बॅग कायम भरलेली. लॉजच्या चहाबद्दल न बोललेलंच बरं. पण कुठल्याही खाडीकाठी जीपच्या बाहेर पाय टाकला की तो चिखलाचा वास येतो आणि मला आमचं खाडीलगतच्या खारेपाटातलं शेत आठवतं. तुमच्यापैकी जे दुबई-पुण्याला गेलात, त्यांनाही असं काहीतरी होतच असेल.

यंदा टूर नेमकी रोह्याला निघाली. अंबा नदीच्या पुराचा नकाशा करायचा होता, नागोठण्यापासून खाडीपर्यंत. घर तासा-दीड तासावर आणि मी लॉजवर! सकाळी खिडकीखालून धाटावच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसेस जायच्या, त्यांच्या आवाजाने जाग यायची.

एका संध्याकाळी आईचा फोन आला. उधाणात खाडीच्या बांधाला खांड गेली होती, खारं पाणी भातात शिरलं होतं. अशा वेळी आमच्याकडे प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर जातो आणि ओहोटी असेतो सगळे मिळून खांड बुजवतात. आमच्या घरचे बाबाच. पण त्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. लोक मायेनेच म्हणाले, "तू बस, आम्ही बघतो." ते त्यांना फार लागलं. आई म्हणाली, "जेवलं नाय. म्हणतात, आपल्या घरचा माणूस नाय, असं कदी झालं नाय. सकाळी उतरनार हायत चिखलात."

मी बॉसला फोन करून दुसऱ्या दिवसाची सुट्टी मागितली. कशासाठी, तर बांध घालायला. बांध म्हणजे काय, ते त्याने दोनदा विचारून घेतलं आणि सुट्टी दिली.

सकाळी पोचले तेव्हा बाबा खरोखरच पँट दुमडून बांधावर बसले होते. मी त्यांच्या शेजारून खाली उतरले. काम बघणारे हरीदादा ओरडले, "अगो, लॅपटॉप पडंल चिखलात!" सगळे हसले, मीही हसले आणि रांगेत उभी राहिले. चिखलाचे गोळे हातोहात पुढे जात होते. दोनदा घातलेली माती वाहून गेली. पाठ मोडून आली, नखं भरली, आणि भरती चढायच्या आत पाणी थांबलं. हरीदादांनी बाबांना हात देऊन उठवलं. "चल घरी. तुझं माणूस दमलंय, जेवाया घाल." बाबा माझ्याकडे न बघताच उठले, पण त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मी हैदराबादला परतले. इतकी वर्षं बाबा फोनवर एकच विचारायचे, "बरी हायस ना?" परवा विचारलं, "पुढच्या अवसेच्या उधाणाला कुठं हायस?"

"ओडिशात."

"मग बांधावर कोन?"

गडीमाणसाला विचारावं तसं, अगदी सरळ. बढती मिळाली तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "थांबा बाबा, तारीख बदलून घेते."