माझं पोट आणि देवपूरची स्टाफरूम

शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. कपाटात जुन्या उत्तरपत्रिका साठतात ना, तसेच! आवरायला बसलं की एक काढावा तर चार खाली पडतात. धुळ्यात देवपूरला आमची शाळा. मी तिथे विज्ञान शिकवते. गेल्या दीड वर्षातले आमच्या स्टाफरूमचे बहुतेक किस्से एकाच विषयावरचे आहेत. विषय : माझं पोट!

*

आधी दुखणं सांगते. सकाळी पोट फुगायचं, कळ यायची आणि तिसऱ्या तासाला मला वर्ग सोडून पळावं लागायचं. कधी आठवडाभर नुसतं पळणं, कधी चार दिवस काहीच नाही. मी खडू टाकायचे, ‘आलेच’ म्हणायचे आणि निघायचे. वाटायचं, पोरांना काय कळतंय!

एकदा आठवी ‘ब’मध्ये प्रकाशाचं परावर्तन शिकवताना मी फळ्याकडे तोंड करून दोन सेकंद नुसतीच उभी राहिले. मागच्या बाकावरून एका मुलीने अगदी मायेने सांगितलं, “मॅडम, आम्ही शांत बसतो. तुम्ही जाऊन या!”

त्याच दिवशी मी पोटाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

*

रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, दुर्बीणसुद्धा झाली. सगळं नॉर्मल! माझ्या सासूबाई, म्हणजे अक्का, मूळच्या पिंपळनेरकडच्या. रिपोर्टची फाईल हातात घेऊन त्या रागानेच म्हणाल्या, “बठ्ठा रिपोर्ट चांगला शेतस, मंग दुखस काय?”

सगळं चांगलं तर दुखतं काय, हाच प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. ते हसले. “आतडी चांगली आहेत मॅडम, फक्त चिडकी आहेत. याला आयबीएस म्हणतात. हे काही तुमच्या मनाचे खेळ नाहीत. काय खाल्लं की बाधतं ते नीट शोधलं तर बरंच आटोक्यात येतं.”

तुम्हाला खरं सांगते, मला इतका आनंद झाला! तीन वर्षं जे मला छळत होतं, त्याला नाव होतं! येताना मी पेढे घेतले आणि थेट स्टाफरूममध्ये वाटायला लागले.

आमचे खेळाचे पाटील सर दारातूनच ओरडले, “काय झालं मॅडम?”

“आयबीएस!”

“काय बोलू राहिल्या! आयएएस? या वयात?” असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. पुढच्या पाच मिनिटांत दोन वर्गांतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिका बाई तर अभिनंदन करायला केबिनमधून उठून आल्या!

*

डॉक्टरांनी मला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी यादी दिली. सहा आठवडे कांदा बंद, लसूण बंद, गहू बंद, तूरडाळ, हरभरा, दूध बंद. मग एकेक पदार्थ थोडा थोडा परत आणून बघायचा, आणि रोज काय खाल्लं, काय झालं ते वहीत लिहायचं.

खानदेशात राहून कांदा-लसूण बंद! शेवभाजी गेली, वरण-बट्टी गेली, ठेचा गेला. पाटील सरांनी ती यादी उभ्या उभ्या वाचली. ते आठवड्यातून तीनदा शेवभाजी खाणारे गृहस्थ. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

“मग उरलं काय मॅडम? हवा?”

“सर, हवेचाच तर त्रास आहे!”

*

वाचवलं ते हिंदीच्या बाफना मॅडमनी. त्या राजस्थानी जैन घरातल्या, सासरी कापडाचं दुकान. त्यांचा डबा आधीपासूनच कांदा-लसणाशिवायचा. “इतकं काय घाबरता? आम्ही पिढ्यान् पिढ्या असंच जेवतो!” असं म्हणून त्यांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला. मुगाच्या डाळीला काय फोडणी होती! हिंगाची, जिऱ्याची! मी भाकरीबरोबर वाटी चाटून पुसून साफ केली आणि पोट चक्क गप्प बसलं!

मी इतक्या उड्या मारायला लागले की दुसऱ्याच दिवशी त्यांच्या डब्यातली गट्ट्याची भाजी तीन वाट्या खाल्ली. गट्टे बेसनाचे, बेसन हरभऱ्याचं, हे विज्ञानाच्या शिक्षिकेच्या लक्षातच आलं नाही. पाचव्या तासाला पोटाने आठवण करून दिली.

पण एक गोष्ट शिकले. त्या महिन्यात एका लग्नात मी सरळ जैन काउंटरवर जाऊन उभी राहिले. वाढणारा माझ्याकडे, पलीकडे शेवभाजी वाढून घेणाऱ्या माझ्या घरच्यांकडे बघून म्हणाला, “ताई, हा काउंटर जैन लोकांचा आहे.”

“दादा, मी नाही, पण माझं पोट जैन आहे!”

त्याने डाव भरून भात वाढला. शेजारी उभ्या असलेल्या आजींनी तर माझ्यासाठी पापडही मागवला.

*

हिवाळा आला तसा माझा धीर सुटला. स्टाफची भरीत पार्टी! पाटील सरांच्या मळ्यात दरवर्षी असते. कापसाच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, ठेचायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची. मी आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. जवळजवळ रडतच.

त्या म्हणाल्या, “वांगं चालतं. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग चालतो. लसूण तेलात तळा, पाकळ्या काढून टाका, ते तेल वापरा. मिरची बेताची. आणि भाकरी नुसत्या ज्वारीची.”

मी तो फोन ठेवला आणि घरभर नाचले! अक्का म्हणाल्या, “काय वं, लॉटरी लागनी का?”

पाटील सरांनी माझ्यासाठी वेगळं पातेलं मांडलं. पातीचा पांढरा भाग चुकून यायला नको म्हणून ते एकेक पात डोळ्यांजवळ नेऊन कापत होते. वर्गाच्या हजेरीतसुद्धा त्यांनी कधी इतकं लक्ष घातलं नसेल! मग मी पहिला घास घेतला. धुराचा वास, लसणाचा स्वाद, हिरवी पात... माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“तिखट झालं?” सर घाबरले.

“नाही सर. भरीत झालं!”

मी पाणी प्यायला उठले आणि परत आले तर माझं पातेलं रिकामं. सगळ्यांनी ‘फक्त टेस्ट’ केली होती. बाफना मॅडम तेवढ्या हात वर करून म्हणाल्या, “मी नाही हं, त्यात लसणाचं तेल होतं!”

*

सहा आठवड्यांनंतर एकेक पदार्थ परत आणण्याचा प्रयोग सुरू झाला. तीन दिवस एक पदार्थ, हळूहळू वाढवत. सगळा स्टाफ सकाळी विचारायचा, “आज कोणाचा पेपर?” पाटील सरांनी तर स्टाफरूमच्या फळ्यावर निकालच लावला. तूरडाळ, दोन चमचे : पास. दूध : नापास. दही : पास. कांदा : कॉपी करताना पकडला. गहू, एक पोळी : पास, तीन पोळ्या : एटीकेटी.

मुख्याध्यापिका बाई आत आल्या, चष्मा वर करून सगळं वाचलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, “हा गहू कोणत्या तुकडीतला? पालकांना बोलवा.”

*

आता भामरे नानांबद्दल सांगायला हवं. नाना आमचे हेडक्लार्क. तीस वर्षांच्या नोकरीत ते शाळेच्या एकाही सहलीला आले नाहीत. लग्नाच्या वऱ्हाडात नाहीत, भरीत पार्टीलाही नाहीत. दरवेळी एकच कारण : “घरी पाहुणे आहेत.” आम्ही त्यांना माणूसघाणे समजायचो.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, दार अर्धं लोटलं आणि कोरा कागद पुढे केला.

“ताई, ते तुमच्या दुखण्याचं नाव लिहून द्या. आणि डॉक्टरांचा नंबर.”

“कोणाला आहे नाना?”

“पाहुण्याला.”

“किती वर्षांचे आहेत पाहुणे?”

नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, “सत्तावन्न.”

मी कागदावर नाव आणि नंबर लिहून दिला. एवढंच म्हटलं, “पाहुण्यांना माझी यादी नका देऊ. आधी तपासण्या करून घ्या. प्रत्येकाचं पोट वेगळं असतं.”

आणि खरंच वेगळं निघालं! तपासण्या झाल्या, निदान तेच आलं. पण नानांना गहू चालत होता, तूरडाळ चालत होती. बाधत होता दिवसाचा आठ कप दुधाचा चहा!

*

पाच-सहा महिने गेले. एका शनिवारी नाना म्हणाले, “ताई, तुम्ही उद्या जळगावला चालल्या ना? मी येतो.”

त्यांची मुलगी ज्योती जळगावला, मेहरूणमध्ये राहते. तिने स्वतः पसंत केलेल्या मुलाशी लग्न केलं, त्याला सहा वर्षं झाली. लग्न नानांनी धुळ्यातच थाटात लावून दिलं, पण तिच्या घरी ते एकदाही गेले नव्हते. नातीच्या बारशालासुद्धा नाही, आणि ज्योतीनेही माहेरी येणं सोडलं होतं. वहिनी, म्हणजे नानांच्या पत्नी, दरवेळी एकट्याच जायच्या, आणि कारण कोणाला सांगायचं नाही अशी नानांनी त्यांना शपथ घातली होती.

एव्हाना नानांचे ‘पाहुणे’ कोण ते स्टाफरूमला कळलं होतं. पाटील सर म्हणाले, “माझ्या गाडीने सोडतो, पाहिजे तिथे थांबू.”

“नाही,” नाना म्हणाले. “एसटीनेच जाईन.”

सकाळी भाकरी आणि दही खाऊन ते आले. बस सुटली तशी त्यांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली. नानांनी शौचालयाची पाटी शोधली, अर्धे उठले, माझ्याकडे बघितलं आणि परत बसले. बस निघाली! एरंडोल येईपर्यंत दांड्यावरचा हात सुटला होता. पाळधीनंतर तर ते बोलायलाच लागले, शेतं दाखवायला लागले, “ही केळी बघा ताई, काय घड आहेत!” जळगावचा स्टँड आला तेव्हा सगळ्यात आधी खाली उतरले ते नाना!

मेहरूणला ज्योतीने दार उघडलं. बापाला बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

“नाना? तुम्ही? काय झालं? आई बरी आहे ना?”

“सगळे बरे आहेत. मी... सहजच आलो.”

तिची पाच वर्षांची पोर दारामागून विचारत होती, “आई, हे कोण?” नानांनी तिला उचलून घेतलं. ज्योती पाणी आणायला म्हणून आत गेली आणि तिथेच ओट्याला धरून रडायला लागली. नाना नातीला कडेवर घेऊनच तिच्या मागे गेले. मी बाहेर बसले होते, पण घर लहान. सगळं ऐकू आलं.

“सहा वर्षं माझं मन मला खात होतं नाना,” ती म्हणत होती. “मला वाटायचं, तुम्ही अजून माझ्यावर रागावलेले आहात.”

शाळेत कायम शुद्ध बोलणारे आमचे हेडक्लार्क त्या दिवशी थेट आपल्या गावच्या बोलीत म्हणाले,

“राग नव्हता वं माय. पोट व्हतं!”