ओंडक्यावरची डच

डच काका शब्द कोयत्याने तोडायचे. मसोलीला त्यांच्या अंगणात मासे कापायचा लाकडी ओंडका होता. अर्धं आयुष्य डच जहाजांवर काढून परतलेले काका त्याच ओंडक्यावर डच शिकवायचे. लांबलचक जोडशब्द आला की प्रत्येक तुकड्याला ठोका, आणि जिथे आघात तिथे असा घाव की ढलप्या उडायच्या.

माझी चुलतबहीण सुमनताई नर्स. तिला तिकडे डच रुग्णालयात नोकरी मिळत होती, पण डचची तोंडी परीक्षा पास व्हायची अट होती. रुग्णालयातल्या नर्सला डचमध्ये एकच शब्द: झी-कन-हाउस-फर-प्लेख-कुन-दि-खे. ताई तो सपाट पुटपुटायची.

"झीवर घाव घाल गो! मग प्लेखवर थोडा. बाकीचे आपोआप सुटतात. जोर काय सासरी ठेवून आलीस?"

सासरीच राहिला होता. तिचा नवरा अच्छाडला ढाबा चालवायचा. बायकोचा आवाज चढला की थोबाडीत. लोक याला संसार म्हणतात. मी मारहाण म्हणतो.

परीक्षा तोंडावर आली आणि तो दोन माणसं घेऊन अंगणात घुसला. ताईला केसांना धरून ओढलं, तोंडावर मारलं. ओठ फाटला. काका मध्ये पडले, तर एकाने लोखंडी पाना त्यांच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"म्हाताऱ्या, माझ्या बायकोला फूस लावतोस?"

"भाषा शिकवतो," काका कण्हत म्हणाले. "तुलाही शिकवू?"

त्याने पुन्हा हात उगारला. ताईने खाली पडलेला कोयता उचलला आणि ओंडक्यात असा घातला की पातं रुतून बसलं.

"निघ!"

साऱ्या आळीने ऐकलं. माणसं धावत आली, तसे ते तिघे पळाले.

काका लोंबता हात पोटाशी धरून बसले होते. "हां, असा! आता शब्द म्हण."

ताई फाटक्या ओठाने म्हणाली. झी कडाडला.

ती पास झाली, गेली, परत सासरी फिरकली नाही. काकांचं मनगट वाकडं बसलं. मग ते डाव्या मुठीने ओंडका बडवायचे आणि काकू आतून ओरडायच्या, "तोही मोडून घ्या!"

यंदा काका गेले. मी ताईला फोन केला. ती वॉर्डात होती. एवढ्या मोठ्याने रडली की कुणीतरी तिला गप्प करत असावं.

ती गप्प झाली नाही.