भावजींनी जुने केलेले बूट

चांगल्या वस्तूची रया घालवण्यात आमच्या धाकट्या भावजींचा हात धरील असा माणूस भोकरदनपासून मंठ्यापर्यंत सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याकडूनच शिकून गेलेला असेल. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. राहायला इथंच पिंपळगावात, आमच्या आणि त्यांच्या घरात एक भिंत काय ती मधे. अर्धी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली. पुढं फ्लेक्स आले, पाट्या बंद पडल्या, पण हाताची खाज काही गेली नाही. मग गावच्या नाटकमंडळानं एकदा त्यांना शिपायाचे बूट रंगवायला दिले, आणि तेव्हापासून हा माणूस जगाकडं गुडघ्याच्या खालूनच बघतो. लग्नाला गेले तर नवरी काळी की गोरी हे सांगता यायचं नाही, पण नवरीच्या मामाचा अंगठा बुटाला आतून कसा घासतो ते चहा होईस्तोवर सांगतील. एकदा रेणुकाईच्या देवळाबाहेर ते लोकांच्या चपला उलट्या करून तळवे बघत बसले होते. एका पाहुण्या बाईनं चप्पलचोर म्हणून गलका केला. भावजी जागचे हलले नाहीत. शांतपणे म्हणाले, "ताई, तुमची डावी टाच लई झिजून राह्यली. कंबर दुखती का?" बाई तिथंच पायरीवर बसून आपल्या कंबरेची सगळी हकिगत सांगायला लागली ती आरती झाली तरी संपेना.

बूट जुना करायची त्यांची रीत एखाद्या सोवळ्याच्या स्वयंपाकासारखी. मधे कुणी बोललेलं चालत नाही. जुन्या जालन्यातून नवे कोरे बूट आणायचे, थिनरच्या बोळ्यानं त्यांची चकाकी पुसायची, चालताना बूट जिथं मोडतो तिथं शंभर वेळा वाकवायचा आणि त्या घडीवर पॉलिश पेपर फिरवायचा. ब्रशला रंग लावायचा अन् लगेच फडक्यावर पुसून टाकायचा. मला आधी वाटायचं हे बिघडलंच डोक्यानं. पण तोच जवळजवळ कोरडा ब्रश ते कडांवरून असा हलका फिरवतात की बघता बघता बुटाला वय येतं. काळा बूट जुना झाला की काळा राहत नाही, कडेला राखाडी होतो आणि घडीत तपकिरी, हे मला साठी उलटल्यावर त्यांच्यामुळं कळलं. शेवटी चाळलेली काळी माती डिंकाच्या पाण्यात कालवून चिखल. पण शिपाई कोणत्या वाटेनं आला हे विचारल्याशिवाय चिखल लावायचा नाही. मंडळाचा अध्यक्ष एकदा कंटाळून म्हणाला, आता डांबरी रस्ता झालाय की. तर भावजींनी लावलेला चिखल धुऊन काढला आणि तळव्याला डांबराचे ठिपके दिले. मी म्हटलं, एवढं कोण बघतंय? तर म्हणाले, "घाण कुणालाबी करता येती, वैनी. जुनं व्हायला कारण लागतं."

आणि गंमत अशी की दुसऱ्यांच्या पायताणाचे हे हाल करणाऱ्या माणसाची स्वतःची चप्पल मात्र कायम दुकानातून आत्ता आणल्यासारखी. खिशात दोन रुमाल, एक तोंडाला आणि एक चपलेला. कोणता कशाचा हे जाऊबाईंना अजून कळलेलं नाही, म्हणून त्या दोन्ही वेगळेच धुतात. रस्त्यात चिखल लागला की हा गडी चपला काखेत धरून अनवाणी चालतो.

तर एका दसऱ्याची गोष्ट. मंडळाचं नाटक होतं, त्यात लढाईवर गेलेला शिपाई घरी येत नाही, नुसते त्याचे बूट येतात, आणि म्हातारा बाप बुटाची टाच बघून लेकाला ओळखतो. सगळं नाटक त्या टाचेवर. पण मंडळानं ठरवलं होतं की आता बूट जालन्याच्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं आणायचे, एवढा टाइम कुणाला आहे. भावजींनी एक खेप मागून घेतली. हे बूट जमले नाहीत तर परत ब्रश हातात धरणार नाही, असं सगळ्यांसमोर बोलून बसले. महिनाभर त्या जोडीपायी जेवणाचं भान नव्हतं. खंडेनवमीला घरोघर विळे-कोयते पूजेला मांडतात, तर ह्यांनी ब्रश, पॉलिश पेपर आणि शेजारी ते बूट मांडले. जाऊबाई भडकल्या. "घरात देव बसलेत, अन् ह्यांनी चिखलाच्या बुटाला हळदीकुंकू वाह्यलं!" झालं, बूट घराबाहेर. भावजींनी ते चिखल वाळायला माझ्या दारापुढच्या ओट्यावर आणून ठेवले आणि मला लक्ष ठेवायला सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी पुरण वाटत होते, हात भरलेले. शेजारच्या बबननं नवा ट्रॅक्टर आणला होता. दृष्ट लागू नये म्हणून नव्या गाडीला फाटकं पायताण बांधतात, ते मागायला तो दारात आला. माझ्या डोळ्यासमोर आपली माझी वावरात घालायची चप्पल. मी आतूनच सांगितलं, ओट्यावर एखादं फाटकं असंल बघ, घेऊन जा. तासाभरानं भावजी आले तर ओट्यावर एकच बूट. उजवा.

मी तर मेल्याहून मेली झाले. पण भावजी चिडायचे सोडून विचारतात, "त्यानं सोताहून ह्योच उचलला? माझी शप्पथ?" तोंडावर असं समाधान की जसं बक्षीसच लागलं. मंग एकदम ध्यानात आलं की संध्याकाळी पडदा उघडायचाय, आणि बबन तर ट्रॅक्टर दाखवायला सासुरवाडीला निघून गेल्ता.

मला मोटारसायकलवर मागं बसवलं, साक्षीदार म्हणून. भोकरदनच्या रस्त्याला दोन कोसांवर ट्रॅक्टर दिसला. झेंडूच्या माळा, मागं लिंबू-मिरची, बिब्बा, आणि त्यांच्या मधे उलटा टांगलेला डावा बूट, टाच नेमकी आमच्याकडं. बाहेरच्या अंगानं तिरपी झिजलेली. आम्ही जवळ जात होतो तसतशी ती टाच मोठी होत होती, आणि मी बोलायची थांबले. मला ओळखणाऱ्यांना विचारा, असं सहसा होत नाही.

बबन थांबला, पण बूट सोडायला तयार होईना. "काकू, तुम्हीच तर न्यायला सांगितला. दसऱ्याचं बांधलेलं सोडलं तर आई घरात घ्यायची न्हाई." भावजींनी पायातली डावी चप्पल काढून पुढं केली. बबननं ती उलटीपालटी करून बघितली. "काका, ही तर नवी कोरी. ही बांधली तर उलट दृष्ट लागंल."

भावजींनी चप्पल परत घेतली. मग रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसले, एक दगड उचलला आणि रुमालानं पुसून पुसून जपलेली ती चप्पल घासायला लागले. मधेच थांबून विचारलं, "कोण घालीत व्हतं म्हणू हिला?"

"कोणीबी, काका. जल्दी करा."

"कोणीबीचं पायताण नसतंय, बबन."

पंधरा मिनिटांत ती चप्पल अशी झाली की बबननं दोन्ही हातांनी घेतली.

येताना बूट माझ्या मांडीवर होता. माझे मालक, म्हणजे भावजींचे थोरले भाऊ, तरुणपणी विहिरीच्या काठावरून पडलेले. डावा पाय जरासा वाकडा राहिला तो राहिलाच. कसलीही चप्पल आणा, डावी टाच बाहेरच्या अंगानं आधी तिरपी व्हायची. चाळीस वर्षं मी ती दारात सरळ करून लावली. ते जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मी विचारलं, "भावजी, ही टाच कुणाची?"

गाडी जरा हळू झाली. "दादाची. दुसऱ्या कुणाचं चालणं एवढं पाठ न्हाई मला. लहानपणापासून मागं मागंच चालत आल्तो."

संध्याकाळी नाटकातल्या बापानं तो बूट हातात घेऊन टाचेवरून अंगठा फिरवला, तेव्हा मांडवात कुणी खोकलंसुद्धा नाही. पडद्याआड भावजी एक पाय अनवाणी उभे होते. ड्रेपरीवाल्याचं नाव मंडळात परत निघालं नाही.

मंडळाच्या पेटीत उंदरं झालीत असं सांगून भावजींनी ते बूट दुसऱ्याच दिवशी माझ्या ओट्यावर आणून ठेवले, ते आजतागायत तिथंच आहेत. नाटकापुरते नेतात आणि परत आणून ठेवतात. खंडेनवमीला सकाळी हळदीकुंकू माझ्याच घरी होतं, आणि आता जाऊबाई काही बोलत नाहीत. पूजा झाली की भावजी डावा बूट गुडघ्यावर घेतात, टाचेवर कानस दोनदा फिरवतात, फुंकर मारतात आणि ठेवून देतात. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, आता काय राह्यलं हिच्यात?

"दादाचं वर्षभराचं चालणं झालं की, वैनी," म्हणाले, आणि चहाला आत आले.

रोज ओटा झाडताना मी ते बूट सरळ करून लावते. डावा जरा बाहेरच्या अंगाला कलतोच.