करवंटीखाली हात

त्या दिवशी पाचूबंदरला मी, माज्या पोराची बायको रोझी, सुतार पास्कू आनि कोर्साला आलेले सगळे इंजिनेर होते. आनि ते सर. त्यांचं नाव मी कदी इचारलंच नाय.

सर नेव्हीची जहाजं बांदायला शिकवायचे. दर मे महिन्यात इंजिनेर घेऊन धक्क्यावर यायचे. चपला काढून होडीत चडायचे, नि माज्याकडं घमेलं मागायचे.

“आजी, पाणी भरून द्या, बरं का. जहाज बुडवायचंय.”

घमेल्यात करवंटी सोडायची, तिच्यावर फळी ठेवून खडे रचायचे. वजन वर गेलं का करवंटी उलटायची. सगळे हसायचे, मी पन.

मग माज्या डॉमनिकची होडी उलटली. टपावर जाळी नि बरफ रचला होता. पोरगा परत आला नाय.

पुढच्या मे महिन्यात, त्या दिवशी, सरांनी घमेलं मागितलं नाय. मीच भरून दिलं. खडे चडले, करवंटी कलली. सरांनी माज्याकडं बगितलं नि खालून हात लावला. उलटू दिली नाय.

“सर, पुढे?” एकानं इचारलं.

“पुढचं तुम्हाला माहीत आहे, बरं का.”

त्यांचा हात पान्यातच होता.

वाचनाऱ्यांनो, होडीवर वजन चडवाल तर तळाला ठेवा.