विद्यापीठ बदललं तेव्हाचा आमचा संघ

फलटणकडच्या मळ्यातून मी सांगलीला कॉलेजात आलो तेव्हा माझ्याजवळ उंची सोडून दाखवण्यासारखं काही नव्हतं. कॉलेजचे व्यायामशिक्षक दुसऱ्या महायुद्धातून परतलेले हवालदार. आसामच्या बाजूला अमेरिकन शिपायांबरोबर राहून ते बास्केटबॉल शिकले होते. त्यांनी कॉलेजमागच्या मुरमाड मैदानात दोन खांब रोवले, लोहाराकडून कड्या वळवून घेतल्या आणि मला वर्गातून बोलावून हातात चेंडू दिला.

संघाचा जीव म्हणजे माझा खोलीतला जोडीदार. जतकडचा, धनगराचा मुलगा, घरी कानडी बोलणारा. तो चेंडू घेऊन निघाला की समोरच्याला तो कुठं वळणार हे कळायचं नाही. त्याच्या जोरावर आम्ही बेळगावच्या कॉलेजला आमच्या मैदानावर हरवलं. ती लढत पाहायला पेठेतले व्यापारी दुकानं पोरांवर सोपवून आले होते. एका जैन अडत्याने शेंगा आणि गूळ पाठवला. त्या वर्षी आम्ही मुंबईला, विद्यापीठाच्या स्पर्धेत, अंतिम सामन्यापर्यंत गेलो. हरलो, पण थोडक्यात. मुंबईच्या एका वर्तमानपत्रात कॉलेजचं नाव छापून आलं, आणि सांगलीत दाढी करायला बसलो तरी न्हावी सामन्याचं विचारू लागला. पुढच्या वर्षी साताऱ्याकडची उंच उंच मुलं खास खेळायला म्हणून आमच्या कॉलेजात आली.

त्याच सुमारास पुण्याला नवं विद्यापीठ निघालं. आमचं कॉलेज मुंबई विद्यापीठाकडून काढून पुण्याला जोडलं गेलं. बेळगावचं कॉलेज कर्नाटकाच्या नव्या विद्यापीठाकडे गेलं. प्राचार्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं की आता आपल्या माणसांचं विद्यापीठ झालं, प्रत्येक गोष्टीला मुंबईच्या तोंडाकडे पाहायला नको. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्या हवालदार सरांनीही वाजवल्या.

सामने लागले तेव्हा खरं काय ते समजलं. पहिल्या कॉलेजचा निरोप आला की आमच्याकडे हा खेळ खेळणारे पाच जण नाहीत. दुसऱ्या कॉलेजने खो-खोची मुलं पाठवली. त्यांना चेंडू आपटत न्यायचा असतो हेही सरांनीच शिकवलं, आणि मग आम्ही त्यांना हरवलं. त्या दिवशी मैदानाकडेला आमच्या वसतिगृहाचा आचारी आणि दोन-चार मुलं, एवढेच प्रेक्षक. आम्ही विजेते ठरलो. पेठेत कुणी विचारलं नाही. न्हाव्याला मी आपणहून सांगितलं, तर तो म्हणाला, "मुंबईला न्हाई का जायचं औंदा?"

सरांनी बेळगावला स्वतः जाऊन विनवलं की स्पर्धेत नाही तर नाही, दोस्तीत एक सामना खेळू. तिथल्या लोकांनी चहा दिला आणि आमचे सामने आता कर्नाटकातल्या कॉलेजांशी ठरलेत असं सांगितलं. परत आल्यावर सर दोन दिवस मैदानावर आलेच नाहीत.

मग मुंबईच्या एका कॉलेजचा माणूस माझ्या जोडीदाराला भेटला. आमच्याकडून खेळ, राहायची, जेवायची सोय करतो म्हणाला. जोडीदारानं ते सरांना सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो. सर खांबाला टेकले.

"एक वर्ष थांब," ते म्हणाले. "मी काहीतरी करतो."

"आवं सर, हितं खेळायचं कुणासंगं?"

तो मुंबईला गेला. साताऱ्याची मुलंही एकेक करून निघाली. कुणी पलटणीत, कुणी घरच्या उसात. पुढच्या वर्षी कॉलेजने व्यायामशिक्षकाची जागाच ठेवली नाही. सर खटावकडे आपल्या गावी गेले. मी बस सुटेपर्यंत थांबलो होतो. ते माझ्या अभ्यासाबद्दल बोलले, खेळाचा शब्दही काढला नाही. त्यानंतर वर्षाच्या आतच गावाकडे छातीच्या दुखण्यानं ते गेले. मला ते नंतर, दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

जोडीदार मला मिरज स्टेशनात भेटला. मुंबईला त्याला बाकावरच बसवून ठेवलं होतं. तिथं उंच, पोटभर खाल्लेले, सिमेंटच्या मैदानावर वाढलेले खेळाडू पुष्कळ होते. इंग्रजीत नापास झाला आणि सोय बंद झाली. आता जतला परत चालला होता, मेंढरं राखायला. सर गेल्याचं मीच त्याला सांगितलं. त्यानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला,

"गड्या, आपुन खरंच चांगलं खेळत व्हतो का रं? का हितं दुसरं कुणी नव्हतं म्हणून तसं वाटायचं?"

चांगलं खेळत होतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण मुंबईत तो बाकावर बसला होता, आणि मी तर ज्यांना चेंडू आपटता येत नव्हता त्यांच्यावरचा विजेता. हे विचारावं असे एकटे सरच होते, आणि ते उरले नव्हते. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवी उचलली आणि जतच्या गाडीची चौकशी करायला बाहेर गेला. त्यानंतर आम्ही भेटलो नाही.